सन्निधी आणि संरचना : एका उसनवारीची कैफियत

1991 साली मी माझा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाला सादर केला. कवितेची संरचना हा त्याचा विषय होता आणि त्यातील चौथ्या प्रकरणाचा मला विशेष अभिमान होता. स्फटिकातील प्रत्येक अणू केवळ लगतच्या अणूंशी बांधलेला असतो आणि तरीही त्यातून संपूर्ण स्फटिकाची नियमबद्ध घडण सिद्ध होते. त्याचप्रमाणे कवितेतील प्रत्येक शब्द लगतच्या शब्दांशी असलेल्या संबंधातून आपले मूल्य मिळवतो आणि अशा निकटसंबंधांच्या परंपरेतून कवितेची समग्र संरचना उभी राहते, असे त्या प्रकरणाचे प्रतिपादन होते. संरचनावाद त्या वेळी आपल्या मराठी विभागांत नुकताच रुळू लागला होता. सोस्यूर, याकबसन ही नावे चर्चासत्रांत वारंवार ऐकू येत होती. अशा वातावरणात भौतिकशास्त्रातील दाखला देणे म्हणजे आपल्या म्हणण्याला शास्त्राचे अधिष्ठान देणे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मौखिक परीक्षेत त्या प्रकरणाची प्रशंसाच झाली.

सोलापूर जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयात मी शिकवीत असे, तेथे पदार्थविज्ञानाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक माझे स्नेही होते. प्रबंधाची एक प्रत मी त्यांना मोठ्या उत्साहाने वाचावयास दिली. पंधरा दिवसांनी ती परत करताना ते म्हणाले, "सर, भाषा फार सुंदर आहे तुमची. फक्त तीन गोष्टी मला समजल्या नाहीत. तुमच्या या आंतरक्रियेचा पल्ला किती? एका शब्दाला शेजारी किती? आणि कोणत्या तापमानाला ही तुमची रचना वितळते?" मी हसलो. हे रूपक आहे, त्याला अशी मोजमापे लावावयाची नसतात, असे काहीसे उत्तर मी दिले. "मग ते रूपक म्हणूनच छापा, पुरावा म्हणून नको," एवढेच बोलून ते तासाला निघून गेले.

त्या तीन प्रश्नांना उत्तर देण्याचा हा उशिरा केलेला प्रयत्न आहे. व्यक्तिगत हकिकतीपलीकडे त्याला काही अर्थ असेल, तर तो एवढाच की, एका ज्ञानक्षेत्रातून दुसऱ्या ज्ञानक्षेत्रात संकल्पना नेताना नेमके काय न्यावे लागते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

माझ्या प्रकरणात पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने चूक कोठे होती, हे स्नेह्यांनी मला पुढे एकदा शिक्षकांच्या खोलीत कागदावर आकृती काढून समजावून दिले. 1920 साली विल्हेल्म लेन्त्स या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने चुंबकाचे एक अतिशय साधे प्रतिमान सुचविले होते. प्रत्येक अणू म्हणजे एक बाण. तो वर तोंड करील किंवा खाली. त्याच्यावर प्रभाव पडतो तो केवळ लगतच्या बाणांचा, आणि शेजाऱ्यांसारखेच तोंड करणे त्याला कमी ऊर्जेचे असते. दूरच्या बाणांशी त्याचा काहीही थेट संबंध नाही. अशा निव्वळ शेजारधर्मातून संपूर्ण पदार्थ एकाच दिशेस वळेल काय, हा प्रश्न लेन्त्स यांनी आपला विद्यार्थी एर्न्स्ट ईझिंग याला दिला. ईझिंगने बाणांची एकपदरी साखळी घेतली आणि 1925 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात उत्तर दिले : नाही. निरपेक्ष शून्य तापमान सोडले, तर एकमितीय साखळीत सर्वव्यापी सुसंगती टिकू शकत नाही.

कारण समजण्यास सोपे आहे. साखळी हजार बाणांची असो वा लाखाची, तिच्यात एक तडा पडण्यास लागणारी ऊर्जा तेवढीच असते. तडा पडू शकेल अशा जागा मात्र लांबीबरोबर वाढत जातात. उष्णतेच्या किंचितशा धक्काबुक्कीनेही कोठेतरी तडा जातोच, आणि एकदा तडा गेला की पलीकडच्या बाणांना अलीकडची दिशा कळण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. सपाटीवर पसरलेल्या जाळीत असे होत नाही. तेथे उलट्या बाणांचे एक बेट निर्माण व्हावयाचे तर त्याच्या सबंध परिघाची किंमत मोजावी लागते. बेट जितके मोठे, तितकी किंमत अधिक. म्हणून पुरेशा कमी तापमानाला दोन मितींत सुव्यवस्था टिकते. 1936 साली रुडॉल्फ पायर्ल्स यांनी हा युक्तिवाद मांडला आणि 1944 साली लार्स ऑन्सागर यांनी द्विमितीय प्रतिमानाची गणिती उकल पूर्ण केली. स्वतः ईझिंगने मात्र एकमितीय निष्कर्षावरून तीन मितींतही असे अवस्थांतर होणार नाही असा तर्क केला होता, आणि तो चुकला होता.

माझी कविता ही ईझिंगची एकमितीय साखळी होती. शब्दामागून शब्द अशी एक ओळ मी कल्पिली होती आणि तीत केवळ निकटसंबंधांतून समग्रता सिद्ध होते असे म्हटले होते. ज्या शास्त्राचा मी हवाला दिला, ते नेमके याच बाबतीत माझ्या विरुद्ध साक्ष देत होते. अल्प पल्ल्याच्या संबंधांतून दूरवरची सुव्यवस्था जन्मास येते हे खरे, पण काही अटींवर. मी निष्कर्ष उचलला होता आणि अटी मागे ठेवल्या होत्या.

आता पहिला प्रश्न, पल्ल्याचा. भाषेच्या बाबतीत हा प्रश्न एका गणितज्ञाने फार पूर्वीच विचारला होता, हे मला प्रबंध लिहून झाल्यावर कळले. 1913 साली आंद्रेई मार्कोव्ह यांनी पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधील पहिली 20,000 अक्षरे हाताने मोजली. त्यांत 8,638 स्वर आणि 11,362 व्यंजने आढळली. स्वर आणि व्यंजने परस्परनिरपेक्षपणे येत असती, तर स्वरापाठोपाठ स्वर सुमारे 3,700 वेळा आला असता; प्रत्यक्षात तो आला केवळ 1,104 वेळा. म्हणजे अक्षराला आपल्या मागच्या अक्षराची आठवण असते. या 'मार्कोव्ह साखळी'चा उपयोग क्लॉड शॅनन यांनी 1948 साली संदेशवहनाच्या सिद्धांतात केला. त्यांनी दाखविले की, मागचे एक अक्षर, दोन अक्षरे, मग मागचा एक शब्द असे ध्यानात घेत गेले की, यदृच्छेने जुळविलेला मजकूर इंग्रजीसारखा दिसू लागतो. जवळून पाहावे तर प्रत्येक जोड बरोबर, आणि सबंध वाचावे तर अर्थ शून्य.

चॉम्स्की यांनी 1957 साली या प्रतिमानाची मर्यादा दाखविली. भाषेत एकमेकांत गुंतलेली अशी अवलंबने असतात की, त्यांच्यामधील अंतराला तत्त्वतः मर्यादा घालता येत नाही. त्यासाठी परभाषेकडे जाण्याचे कारण नाही. 'जो मुलगा काल पावसात भिजत, दप्तर डोक्यावर धरून, नदीच्या पुलावरून धावत शाळेत आला, तो आज आजारी आहे' या वाक्यात 'जो'ने मागितलेला 'तो' केव्हा येईल हे मधला कोणताही शब्द सांगत नाही. वाचणारा ती मागणी मनात धरून पुढे जातो. गेल्या दशकात निर्माण झालेल्या भाषिक यंत्रप्रणालींना जे यश लाभले, त्यातही प्रत्येक शब्दाचे नाते केवळ मागच्या शब्दापाशी न थांबवता मजकुरातील दूरच्या शब्दांशी तपासून पाहण्याच्या युक्तीचा मोठा वाटा आहे.

येथे मला आपल्याच परंपरेतील एका विवेचनाकडे परत जावेसे वाटते. वाक्यार्थाच्या बोधासाठी मीमांसक आणि नैयायिक यांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन अटी सांगितल्या. एकेक शब्द प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारला तर वाक्य होत नाही, म्हणून सन्निधी हवी. पण गाय, घोडा, पुरुष, हत्ती असे शब्द एकमेकांना चिकटून उच्चारले तरीही वाक्य होत नाही, कारण त्यांना परस्परांची आकांक्षा नाही. माझा संपूर्ण प्रबंध एका सन्निधीवर उभा होता. उरलेल्या दोन अटी मी पदवी परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या आणि उत्तरपत्रिकेतच सोडून आलो होतो.

पल्ल्याविषयीचा माझा गोंधळ पुढे आणखी एका शास्त्राने दूर केला. प्रथिन हीसुद्धा एक साखळीच असते. अमिनो आम्ले एकामागून एक जोडलेली. साखळीतील लगतच्या घटकांना एकमेकांत न घुसता कोणत्या कोनांत वळता येते, याचा आराखडा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली मद्रासमध्ये तयार केला. शेजारी काय करू देतो आणि काय करू देत नाही, याचा तो नकाशाच होय. परंतु प्रथिनाचे कार्य त्याच्या घडीवर अवलंबून असते, आणि घडी पडली की साखळीत दूर असलेले घटक अवकाशात लगत येतात. क्रिश्चन अँफिन्सन यांनी अभ्यासलेल्या रायबोन्यूक्लिएज या प्रथिनात 124 घटक आहेत; त्यांतील 8 सिस्टीनांच्या 4 जोड्या गंधकाच्या बंधांनी बांधलेल्या असतात. अशा जोड्या 105 प्रकारे लावता येतील. योग्य परिस्थितीत साखळी मोकळी सोडली तर ती नेमकी एकच मांडणी पुन्हा गाठते. येथेही आंतरक्रिया आखूड पल्ल्याचीच आहे. मात्र कोण कोणाच्या जवळ आहे, हे ओळीतील क्रमांकावरून ठरत नाही.

हे वाचल्यावर मी एम.ए.च्या वर्गात एक प्रयोग केला. एका फारशा परिचित नसलेल्या कथेचे परिच्छेद कापून त्यांच्या पट्ट्या केल्या, त्या पिसल्या आणि विद्यार्थ्यांना कथा जुळवावयास सांगितले. दोन-दोन, तीन-तीन परिच्छेदांचे तुकडे त्यांनी सहज जुळविले. 'त्यानंतर', 'पण', 'ती म्हणाली' असे दुवे त्यांना पुरेसे झाले. तुकड्यांचा क्रम मात्र बहुतेकांना लागेना. एका मुलीने तो लावला. कसा, असे विचारता ती म्हणाली, "सर, एका पट्टीत कंदिलाची काच तडकलेली आहे आणि दुसरीत तीच काच कोणीतरी पुसतेय, पण तडा नाही. मग पुसण्याची पट्टी आधीच यायला हवी ना?" त्या दोन परिच्छेदांमध्ये नऊ परिच्छेदांचे अंतर होते. तिने ओळीची घडी घातली होती आणि दोन दूरच्या जागा एकमेकींना भिडविल्या होत्या. स्नेह्यांच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : कवितेतील संबंधाचा पल्ला आखूड असू शकतो, पण तो ओळीवर मोजावयाचा नसून वाचकाच्या स्मृतीने घातलेल्या घडीवर मोजावा लागतो.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांच्या संख्येचा. 1962 साली याकबसन आणि लेव्ही-स्त्रोस यांनी बोदलेरच्या मांजरांवरील सुनीताचे विख्यात विश्लेषण केले. ध्वनी, लिंग, वचन, वाक्यरचना अशा प्रत्येक पातळीवर त्यांनी सममिती आणि विरोध शोधून काढले. 1966 साली मायकेल रिफातेर यांनी त्यावर आक्षेप घेतला : व्याकरणाला दिसणारे हे सर्व संबंध कवितेत खरोखर क्रियाशील आहेत काय? वाचकाला ज्यांची जाणीव होऊ शकत नाही, त्यांना काव्याच्या संरचनेत स्थान कसे देता येईल? मी हा वाद वर्गात अनेकदा शिकविला. तो माझ्या स्नेह्यांच्याच प्रश्नाचे दुसरे रूप आहे हे मला फार उशिरा उमगले. प्रत्येक शब्दाला प्रत्येक शब्द शेजारी मानला, तर कोणत्याही मजकुरात कोणतीही संरचना दाखविता येते. शेजाऱ्यांची संख्या मर्यादित असणे ही संरचनेला अर्थ येण्याची अट आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली, तेव्हा संबंधांचे प्रकार मर्यादित करण्याचा मार्ग त्यांनी धरला होता. आपण पुढे 'लय' हा शब्द तेवढा उदंड वापरला.

या प्रश्नाशी माझी एक आठवण जोडलेली आहे. आमच्या महाविद्यालयामागे शाळू ज्वारीची शेते होती. थंडीत कणसे भरली की भोरड्यांचे थवे येत. माळ्यावरून गोफणीचा आवाज होई आणि सबंध थवा एकाच अंगाने वळे. एका संध्याकाळी तो देखावा पाहत असताना स्नेही म्हणाले, "यांतला एकेक पक्षी किती जणांकडे पाहत असेल हो?" त्या वेळी ते मोजलेले नव्हते. 2008 साली इटलीतील शास्त्रज्ञांनी रोमच्या आकाशातील सारिकांच्या थव्यांची त्रिमितीय छायाचित्रे अभ्यासून असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, प्रत्येक पक्षी सरासरी सहा-सात निकटच्या पक्ष्यांशी आपली गती जुळवून घेतो, मग ते पक्षी दाटीत असोत की विरळ. तेथे अंतर महत्त्वाचे नाही, शेजाऱ्यांची संख्या महत्त्वाची आहे. स्नेही तेव्हा निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांनी त्या बातमीचे कात्रण मला टपालाने पाठविले आणि समासात लिहिले, "शेजारी मोजता येतात." त्या पत्राला मी उत्तर पाठविले नाही. पाठविण्याजोगे उत्तर अजून तयार नाही, असे मी स्वतःला सांगत राहिलो.

तिसरा प्रश्न तापमानाचा. हा प्रश्न मला सर्वांत निरर्थक वाटला होता. आज तोच सर्वांत मोलाचा वाटतो. तापमान म्हणजे रचनेला सोसावी लागणारी धक्काबुक्की. साहित्यकृतीला अशी धक्काबुक्की सोसावी लागते काय? निश्चितच लागते. नकलाकारांचे हात, गाणाऱ्यांचे गळे, छापखान्यातील चुका, भाषांतर, वाचकाचे विस्मरण, हे सर्व तेच काम करतात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तिचे शुद्धीकरण केले. या ग्रंथाकडे ईझिंगच्या दृष्टीने पाहावे. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमकाने बांधलेले असते. चौथा चरण मोकळा असतो. यमक हा निकटचा बंध आहे. तो चरणाच्या अखेरच्या अक्षरांना जपतो. मोकळ्या चरणातील बदलाकडे किंवा मध्येच घातलेल्या सबंध ओवीकडे तो बोट दाखवू शकत नाही. ही एकपदरी साखळी असती, तर शतकानुशतकांच्या नकलांत ती कोठल्या कोठे भरकटली असती. ती भरकटली नाही, कारण सुमारे 9,000 ओव्यांच्या त्या विस्ताराखाली गीतेचे 700 श्लोक आहेत आणि ओव्यांचा प्रत्येक समूह आडव्या ओळीबरोबरच एका उभ्या धाग्यानेही आपल्या श्लोकाशी बांधलेला आहे. चुकीला तडा म्हणून सुटून जाता येत नाही. तिला परिघाची किंमत मोजावी लागते. टीकाग्रंथ, पाठांतर, पारायण या आपल्या संस्था म्हणजे ग्रंथाला दुसरी मिती देण्याच्या रीतीच नव्हेत काय?

हे लिहिताना मी पुन्हा तीच उसनवारी करीत आहे, याची मला जाणीव आहे. 1996 साली भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकात भौतिकशास्त्रीय परिभाषेने नटलेला एक लेख छापून आणला आणि तो विडंबन असल्याचे स्वतःच जाहीर केले, तेव्हा माझ्या चौथ्या प्रकरणाच्या आठवणीने मला अनेक रात्री झोप लागली नाही. सोकल यांचे स्वतःचे संशोधन सांख्यिकीय भौतिकीतले, ईझिंगच्या कुळातील प्रतिमानांवरचे, हा योगायोग मला विशेष बोचला. त्यानंतर काही काळ मी शास्त्रातील कोणताही दाखला द्यावयाचा नाही असे ठरविले होते. पण तो निर्णयही भित्रेपणाचा होता. शास्त्रे स्वतः एकमेकांकडून उसने घेतात आणि ते अतिशय काटेकोरपणे घेतात. द्रव आणि वायू यांतील भेद ज्या क्रांतिक बिंदूपाशी नाहीसा होतो, तेथे घनतेतील फरक ज्या घातांकाने शून्याकडे जातो, त्याच घातांकाने, तीन मितींत सुमारे 0.326, वर-खाली अशा दोनच दिशा मोकळ्या असलेल्या चुंबकाचे चुंबकत्वही नाहीसे होते. वायू आणि चुंबक यांत दिसण्यासारखे साम्य काहीही नाही. केनेथ विल्सन यांच्या 1971 मधील सिद्धांताने या ऐक्याचे कारण स्पष्ट केले : मितींची संख्या, सममितीचा प्रकार आणि आंतरक्रियेचा पल्ला आखूड असणे, एवढे जुळले की बाकीचा तपशील गळून पडतो. कोणत्या गोष्टी टाकून दिल्या आणि कोणत्या ठेवल्या, हे तेथे सांगावे लागते आणि साम्य आकड्याने सिद्ध करावे लागते. आपल्याला आकडा देता येणार नाही. पण काय टाकले आणि काय ठेवले हे सांगण्यापासून आपल्याला कोणी अडविलेले नाही. आणि आपली उसनी संकल्पना खोटी ठरावयाची तर कृतीत काय आढळावे लागेल, हेही आपण सांगू शकतो. ज्ञानेश्वरीविषयीचे माझे वरील म्हणणे खोटे ठरू शकते : श्लोकाच्या आधाराने चालणाऱ्या भागांत आणि त्यापासून दूर विस्तारलेल्या भागांत पाठभेदांचे प्रमाण सारखेच आढळले, तर ते सोडून द्यावे लागेल. प्रबंधातील माझे म्हणणे खोटे ठरविण्याची कोणतीही वाट मी ठेवलेली नव्हती, आणि तोच त्याचा खरा दोष होता.

ईझिंगविषयी एक गोष्ट मी पुष्कळ उशिरा वाचली. ज्यू असल्यामुळे 1933 मध्ये त्याला जर्मनीतील सरकारी शाळेतील शिक्षकाची नोकरी गमवावी लागली. युद्धाची वर्षे त्याने लक्झेंबर्गमध्ये काढली आणि 1947 मध्ये तो अमेरिकेस गेला. आपल्या तरुणपणीच्या त्या छोट्या निबंधातील प्रतिमान आपल्या नावाने जगभर ओळखले जात आहे, हे त्याला फार उशिरा कळले. त्यानंतरही तो एका लहान शहरातील महाविद्यालयात निवृत्तीपर्यंत शिकवीत राहिला आणि 1998 साली वारला. त्याचे उत्तर एका मितीपुरते बरोबर होते, विस्तार चुकला होता. पण त्याने अटी स्वच्छ लिहून ठेवल्या होत्या, म्हणून इतरांना चूक शोधता आली.

माझे स्नेही 2019 साली गेले. प्रबंधाची त्यांनी परत केलेली प्रत माझ्यापाशी आहे. चौथ्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने केलेली तीन प्रश्नचिन्हे तिच्यात अजून वाचता येतात. पहिल्या दोहोंपुढे मी आता काही शब्द लिहिले आहेत. तिसऱ्यापुढची जागा ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांचे काम करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यासाठी मोकळी ठेवीत आहे.